खर्जासाठी काचेचा दिवा

लग्नाच्या स्वागतसमारंभात ऑर्केस्ट्रा चालू असला म्हणजे आपले लक्ष कुणाकडे असते? पहिल्यांदा गायिकेकडे, मग तिच्या साडीकडे, मग फार तर ढोलकीवाल्याच्या हाताकडे. रंगमंचाच्या एका कडेला चार जाड तारांची, लांब मानेची गिटार गळ्यात अडकवून एक तरुण उभा असतो, त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. पण त्याने हात थांबवला, की गाणे एकाएकी हलके होते, पायाखालची सतरंजी कुणी ओढून घ्यावी तसे. ते वाद्य म्हणजे बेस गिटार.

वाद्य फार जुने नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ १९५१ साली बाजारात आणला. त्यापूर्वी हे काम माणसाच्या उंचीचा डबल बेस करीत असे. तो खांद्यावर घेऊन आगगाडीच्या डब्यात शिरायचे म्हणजे सहप्रवाशांच्या शिव्या ठरलेल्याच! आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य रुजले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वर्षानुवर्षे बेस वाजवला. ती गाणी आपल्याला पाठ आहेत, आणि त्या गाण्यांखालून चालणारा तो जाड सूरही आपल्याला नकळत पाठ झालेला आहे. वाजवणाऱ्याचे नाव मात्र दहा जणांत एखाद्याला ठाऊक असते.

या वाद्याचे दुखणे एकच: त्याचा आवाज फार खालचा. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज सेकंदाला सत्तरएक आंदोलनांचा असतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार त्याच्याही खाली, ४१ आंदोलनांवर बोलते. एवढा खालचा सूर हवेत ढकलायचा तर मोठा पडदा असलेला स्पीकर हवा, मोठी पेटी हवी, आणि पेटीत भरपूर शक्ती ओतणारा ॲम्प्लिफायर हवा. अमेरिकेतल्या ॲम्पेग कंपनीने १९६९ मध्ये बेससाठी जो प्रसिद्ध ॲम्प्लिफायर काढला तो ३०० वॅटचा होता. त्यात चौदा व्हॉल्व्ह होते आणि पेट्या सोडून नुसत्या ॲम्प्लिफायरचेच वजन चाळीस किलोच्या घरात जाई. हे धूड सोनाळ्याला न्यायचे कसे?

सोनाळा हे माझे माहेर. बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे आसपासच्या मुलखात गावाचे नाव सर्वांना माहीत. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा तिथे शेती सांभाळून एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. गणपती, नवरात्र आणि लग्नसराई हे त्याचे हंगाम. गेल्या दिवाळीत भाऊबिजेला गेले तेव्हा पोरगा घुम्यासारखा बसलेला दिसला. कारण हळूहळू बाहेर आले. पार्टीच्या मालकाने त्याला सुनावले होते, “तुझा बेस ऐकूच येत नाही. कीबोर्डवाला डाव्या हाताने तेवढे वाजवतो. मग एक माणूस जादा कशाला पोसायचा?”

मालकाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गावोगावच्या मांडवात स्पीकर असतात ते घोषणा आणि गाणी यांच्यासाठी. त्यांतून ४१ आंदोलनांचा सूर बाहेर पडतच नाही, किंवा पडला तर नुसता गुरगुरतो. गुरगुर झाली की मिक्सरवाला बेसची कळ खाली करतो. पोराची सारी मेहनत त्या एका बोटाच्या हालचालीने नाहीशी होते.

यावर पोराने उपाय शोधला होता. पायाशी ठेवायचा, विटेएवढा एक लोखंडी डबा, त्याच्या जाळीतून आत काचेचा एक छोटा व्हॉल्व्ह दिसे. याला व्हॉल्व्ह प्रीॲम्प पेडल म्हणतात. अकोल्याच्या एका मित्राकडून त्याने तो दोन दिवसांसाठी मागून आणला होता. विकत घ्यायचा तर हंगामाची निम्मी कमाई जाणार. किंमत ऐकून दादा म्हणाला, “येवढ्या पैशात त विहिरीवरची मोटर येते बाप्पा! हाय काय त्या डब्यात?”

प्रश्न सरळ होता, आणि त्याचे उत्तर मला फार मनोरंजक वाटले.

न वाजलेला सूर

प्रथम आपल्या कानाची एक खोड समजून घेतली पाहिजे. कोणतीही तार छेडली म्हणजे तिच्यातून एकच सूर निघत नाही. ४१ आंदोलनांच्या तारेतून ८२, १२३, १६४ असे दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे उपस्वरही निघतात. आता समजा, स्पीकर लहान आहे आणि ४१ चा मूळ सूर त्याने गिळून टाकला. उरले ८२, १२३, १६४. या सर्वांमधले अंतर ४१ चेच आहे. आपला मेंदू तेवढ्यावरून मूळ सूर ताडतो आणि तो ऐकू आल्यासारखेच आपल्याला वाटते. हवेत नसलेला सूर आपण ऐकतो! हाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर आपण पुरुषांची भरदार भाषणे ऐकत आलो, ती बरीचशी याच कृपेने.

याचा अर्थ उघड आहे. लहान स्पीकरमधून खर्ज ऐकवायचा तर खर्जाची कळ पिळून उपयोग नाही. त्याचे उपस्वर बळकट केले पाहिजेत.

आणि हे आपल्या लोकांना नवे का आहे? मिरजेच्या कारागिराला विचारा. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीकसा धागा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवला की तार नुसती ‘टुंग’ न म्हणता गुंजायला लागते. हीच जवारी. घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा हलकेच टेकते आणि त्या घर्षणातून उपस्वरांचा फुलोरा उमलतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या घोडीचे इतके कुतूहल वाटले की १९२१ साली त्यांनी तिच्यावर निबंध लिहिला. तारेच्या ज्या बिंदूवर छेडले असता शास्त्राप्रमाणे अमुक उपस्वर निघूच नये, तिथेही तो या घोडीमुळे खणखणीत निघतो, हे त्यांनी दाखवले. जवारी न लावलेल्या खर्जाच्या तारेला आपले गवई ‘बसलेली’ म्हणतात. पोराचा बेस मांडवात नेमका असाच बसत होता.

व्हॉल्व्ह म्हणजे विजेच्या तारेला लावलेली जवारी, असे मी दादाला सांगितले. दादा भजनी मंडळातला माणूस, त्याला पेडलपेक्षा जवारी लवकर कळली.

दिव्याचे काम

ज्यांच्या घरी १९६० च्या आसपासचा मोठा रेडिओ होता त्यांना व्हॉल्व्ह सांगायला नको. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट वाट पाहायची, मागच्या भोकांतून नारिंगी उजेड दिसायचा, तापलेल्या धुळीचा वास यायचा आणि मग बातम्या. काचेच्या निर्वात नळीत एक तापलेला भाग, समोर एक पत्रा आणि मध्ये एक जाळी. तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन निघून पत्र्याकडे धावतात, आणि जाळीवरच्या इवल्याशा विद्युतदाबाने त्यांची धाव कमीजास्त होते. जाळीला गिटारचा दुबळा संदेश द्या, पत्र्यावर तोच जोरकस होऊन मिळतो. अमेरिकेचे ली डी फॉरेस्ट यांनी ही तिसरी पट्टी, म्हणजे जाळी, १९०६ मध्ये घातली आणि इथूनच सारे ध्वनिक्षेपण सुरू झाले.

पण आपल्याला इथे जोरापेक्षा निराळ्याच गोष्टीशी कर्तव्य आहे. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून थोडा जास्त संदेश दिला, तर तो लाटेचा माथा एकदम कापत नाही, वाकवतो, आणि वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाकवतो. या वाकडेपणातून मुख्यतः दुप्पट आंदोलनांचा उपस्वर जन्मतो, म्हणजे तोच सूर, एक सप्तक वर. ४१ ला ८२ ची जोड मिळते. वाढवला तर तिसराही येतो, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. याउलट साधा ट्रान्झिस्टर मर्यादा ओलांडली की दोन्ही माथे कात्रीने कापल्यासारखे कापतो आणि आवाज करकरतो. इंजिनिअरच्या हिशेबी दोन्ही दोषच. पण एक दोष कानाला गोड लागतो.

इथे व्हॉल्व्हभक्तांना न आवडणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ट्रान्झिस्टरलाही हळुवार वाकायला शिकवता येते. न्यूयॉर्कच्या टेक ट्वेंटीवन कंपनीचा ‘सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर’ १९९० च्या दशकात आला. त्यात काचेचा दिवा औषधालासुद्धा नाही, तरी जगभरच्या बेसवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. आणि उलट, काही स्वस्त पेडलांत व्हॉल्व्ह असतो पण तो उपाशी असतो. बहुतेक प्रीॲम्पमध्ये १२एएक्स७ नावाचा व्हॉल्व्ह असतो, युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. खऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये त्याच्या पत्र्याला दीडशे ते तीनशे व्होल्ट मिळतात. स्वस्त डब्यात कधीकधी बारा व्होल्टांवर भागवतात. तिथे तो लवकर वाकतो, चिखल करतो आणि बराचसा भार शेजारच्या चिपवर टाकतो. काही कंपन्या तर व्हॉल्व्हच्या मागे नारिंगी एलईडी लावून आपल्याला रेडिओची आठवण करून देतात! म्हणून दुकानात उजेडाला भुलू नये. पत्र्याला किती व्होल्ट मिळतात ते विचारावे.

ओट्यावरची परीक्षा

मागून आणलेला डबा खऱ्या व्होल्टचा होता. आम्ही परीक्षा घेतली. दादाला ओट्यावर पाठमोरा बसवला. पोराने घरातून एकच ओळ दोनदा वाजवली, एकदा सरळ आणि एकदा पेडलमधून. दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवण्याचा आग्रह मी धरला, कारण जे मोठ्याने वाजते ते माणसाला चांगले वाटते, आणि निम्मी पेडले विकली जातात ती केवळ यामुळे. स्पीकर मुद्दाम लहान घेतला, शेजारच्या पोराचा, मोबाइलला जोडायचा.

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पयलं नुसतं समजते. दुसरं आयकू येते.”

याहून नेमके वर्णन मला कुठल्या जाहिरातीत आढळलेले नाही.

मग पोराने हुरूप येऊन कळ पुरी फिरवली, तेव्हा सूर फाटला आणि खर्ज पातळ झाला. उपस्वरांनी मूळ तारेलाच झाकून टाकले. जवारी फार उघडली की तानपुरा झणझणतो, तसेच. म्हणून चांगल्या पेडलात मिश्रणाची एक कळ असते: स्वच्छ आवाज इतका, वाकवलेला इतका. मांडवासाठी तिसरा हिस्सा वाकवलेला पुष्कळ झाला. मोठ्या पेट्या जोडून पाहिले तेव्हा फरक कमी उरला, हेही सांगायला हवे. ज्यांच्याकडे चांगल्या मोठ्या पेट्या आहेत त्यांनी ते पैसे आधी तारांवर खर्च करावेत.

डब्याचा दुसरा उपयोग काचेशी संबंध नसलेला आहे, पण मांडवात तोच मोलाचा. साध्या बेस गिटारचा संदेश दुबळा असतो. वीस-पंचवीस फुटांच्या तारेपलीकडे त्यातला चकचकीतपणा वाटेतच सांडतो, आणि मिक्सर तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला शंभर फुटांवर. प्रीॲम्पमधून निघालेला संदेश तेवढा प्रवास सुखाने करतो. डब्यामागे तीन टाचण्यांची जी खोबण असते तिच्यातून तोच संदेश दोन तारांवर, एकावर सुलटा आणि एकावर उलटा, जातो. वाटेत जनरेटरची घरघर दोन्ही तारांत सारखीच शिरते, आणि मिक्सरपाशी उलटा पुन्हा सुलटा केला की ती घरघर स्वतःलाच खोडून काढते. सूर मिळवायचे यंत्र आणि काँप्रेसर असला तर तो या डब्याच्या आधी जोडावा. त्यानंतर काही नको, थेट मिक्सर.

पोराने पुढे लग्नसराईच्या पैशांतून तसलाच एक वापरलेला डबा घेतला. मोटर त्या वर्षी लांबणीवर पडली, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. पार्टीचा मालक अजून “बेस छान वाजला” असे म्हणत नाही. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताची गोष्ट मात्र त्याने पुन्हा काढलेली नाही.

ज्यांच्या घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. १२एएक्स७ चा तापणारा भाग बारा व्होल्टांवर १५० मिलिअँपिअर खातो, म्हणजे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी इथे कुचकामी. डब्यासोबत आलेला अडॅप्टरच वापरावा, दुसऱ्याचा उसना घेऊ नये. फळ्यांच्या रंगमंचावर पेडल सरळ ठेवले तर नाचणाऱ्यांच्या पावलांनी व्हॉल्व्ह ‘टणटण’ वाजतो. खाली जाडशी घडी घालावी, मोठ्या पेटीपासून दूर ठेवावे. कार्यक्रम संपल्यावर लगेच पिशवीत कोंबू नये, काच निवू द्यावी. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, आता ते जुन्या दुकानांच्या फडताळात सापडले तर सापडतात. आजचे नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथून येतात. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा रशियाचा माल अडला आणि किमती भडकल्या. प्रीॲम्पमधला व्हॉल्व्ह पुष्कळ वर्षे टिकतो, तरी एक जादा आणून कापसात गुंडाळून ठेवावा. सोनाळ्याला तो कपाटात, दादाच्या टाळांशेजारी ठेवलेला आहे.