लेस्टरचा सूर्य आणि आमचा चौविहार

अहमदपुरात सूर्य कधी मावळतो, हा प्रश्न आम्हांस आजवर कोणी विचारला नव्हता. जूनमध्ये सातच्या सुमारास आणि डिसेंबरात सहाच्या थोडा आधी. सबंध वर्षाचा फरक सव्वा तासाच्या आसपास. इतक्या चोख व्यवहाराच्या सूर्याची खातेवही कोण ठेवणार? आडतीवर शेवटची पट्टी लिहून होते, हमाल हातपाय धुतात, तोवर घरून आलेला डबा रिकामा झालेला असतो. चौविहार आम्ही पाळतो असे लोक म्हणतात खरे. पण गावाचे घड्याळच असे लावलेले आहे की तो न पाळण्यासाठीच खटपट करावी लागेल.

ही सोय पासपोर्टाबरोबर नेता येत नाही. चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडात लेस्टर येथे राहतात. पाहुण्यांना त्या देशात एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. घेतलेल्या मालाचा पुरेपूर उपयोग करावा हा व्यापाऱ्याचा धर्म असल्याने आम्ही उभयता जूनच्या आरंभी गेलो आणि डिसेंबरच्या आरंभी परतलो. गावाच्या नावापासूनच मौज आहे. इंग्रजीत ते लिहिताना जी अक्षरे घालतात त्यांतली निम्मी बोलताना गिळून टाकतात. वहीत एक आणि तोंडी दुसरे, असा हिशेब आमच्याकडे कोणी ठेवला तर आयकरवाले दारात उभे राहतील.

जूनमध्ये तेथील सूर्य पहाटे पावणेपाचच्या आत उगवतो आणि रात्री साडेनऊ वाजून गेल्यावर मावळतो. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारसी, म्हणजे पहाटे साडेपाचला तोंड उघडण्यास हरकत नाही. आणि रात्री सव्वानऊला भरल्या ताटावर बसले तरी चौविहार अबाधित. आमच्या मनात लगेच व्यापारी विचार आला की एवढी सवलत सरकारही देत नाही, ती घ्यावी. सौ.ने मात्र ती साफ नाकारली. ती म्हणाली, "पच्चक्खाण सूर्याचे असले तरी पोट अहमदपूरचेच आहे." तिने आपला सातचा नेम सोडला नाही. रात्री नऊ वाजता लख्ख उजेडात, पडदे ओढून आम्ही झोपत असू, आणि बाहेर शेजारची मुले चेंडू खेळत असत.

खाण्यापिण्याची परीक्षा त्याहून अवघड. तेथे पाकिटावर शाकाहारी अशी मोहर असते, तिने आपण निर्धास्त व्हावे, तर त्या शाकाहारात अंडे बसते. दुसरी मोहर व्हेगनची. तीत अंडे नाही, मध नाही, पण दूध-तूपही नाही. म्हणजे एक पंथ आपल्याहून सैल, दुसरा आपल्याहून कडक, आणि कांदा-लसूण दोघांनाही मुक्तद्वार. गोळ्यांत जिलेटिन, चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट. सौ.ला इंग्रजी वाचता येत नव्हते. सहा महिन्यांत ती निदान वर्ज्य पदार्थांची इंग्रजी नावे अस्खलित वाचू लागली. भाषा शिकण्याची ही पद्धत कोणत्याही शाळेत नसावी.

त्यातच हे शहर बटाट्याचे. वॉकर्स नावाच्या क्रिस्प्स, म्हणजे आपल्याकडील वेफर्स, लेस्टरच्याच. हे घराणे मूळचे खाटकाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात मांसावर रेशनिंग होते; विकण्यास माल पुरेना म्हणून १९४८ च्या सुमारास त्यांनी बटाट्याच्या काचऱ्या तळावयास घेतल्या आणि पुढे त्यांचा कारखाना जगातील मोठ्यांत गणला जाऊ लागला. मांसावरून कंदमुळावर येणे ही आपल्या हिशेबी मोठीच प्रगती. आणखी एक रेशनिंग आले असते तर ते भेंडीपर्यंत पोहोचले असते. पण आमच्या चातुर्मासात कंदमूळ बंद, आणि थंडी पडू लागली की तेथील बाजारात स्थानिक भाजी म्हणून जे दिसते ते बहुतेक जमिनीखालचे: गाजर, बीट, सलगम, पार्सनिप. पावसाची तर तऱ्हाच न्यारी. जीवहिंसा टळावी म्हणून साधु-साध्वी पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात. तेथे पावसाला ऋतूच नाही. पावसावर चातुर्मास मोजला असता तर तो बारा महिन्यांचा होऊन विहारच बंद पडला असता.

अर्थात तेथे विहार करण्यास साधु-साध्वी येणार कसे? पायी चालण्याचे व्रत आणि मध्ये समुद्र. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आले, तेव्हा याच कारणाने त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या गृहस्थास पाठविले. त्याच्या पाच वर्षे आधी मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मांस-मदिरा-स्त्रीसंग वर्ज्य करण्याची शपथ त्यांच्या मातेने बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर घालवून घेतली. लंडनमध्ये शाकाहारी खाणावळ सापडेपर्यंत त्यांनी बरेच दिवस अर्धपोटी काढले. आम्हांस शोध करावा लागला नाही. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर उभे राहिले की साड्या, सोने, फरसाण आणि गुजराती पाट्या यांच्या गर्दीत आपण विमानात बसलो होतो की अहमदाबादच्या बसमध्ये, हे ठरवावे लागते.

ही वस्ती तेथे कशी झाली, ते व्यापारी घरांनी ऐकण्यासारखे आहे. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास सांगितले. पेढ्या, दुकाने, घरे जागच्या जागी टाकून माणसे निघाली. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे घरे, शाळा, दवाखाने भरलेले आहेत, कृपया येऊ नका. ज्यांनी या शहराचे नाव ऐकले नव्हते त्यांनाही ते त्या जाहिरातीने कळले, असे तेथील वृद्ध हसत सांगतात. ग्राहकाला दुकानाचा पत्ता देऊन 'येऊ नये' म्हणण्याचा असा परिणाम होतो. आज त्याच शहरातील दिवाळी भारताबाहेरच्या मोठ्या दिवाळींपैकी एक आहे.

किराणा दुकानात आमचे पाय अधिक रेंगाळत. तुरीच्या डाळीच्या पिशव्या पाहून लातूर जिल्ह्यातील मनुष्य पुढे कसा जाईल? तेथे ही डाळ दोन तऱ्हेची मिळते, साधी आणि तेल लावलेली. एका पिशवीवर उगमदेश म्हणून मलावी छापलेले होते. ज्या आफ्रिकेतल्या तुरीच्या आयातीची नुसती बातमी आली तरी आमच्या बाजार समितीत भाव खाली येतात, ती बाई तेलाने न्हाऊन येथे आमच्यासमोर बसली होती. आम्ही किमतीला शंभराने गुणले आणि पिशवी परत ठेवली. हा गुणाकार आम्हांस सहा महिने सोडून गेला नाही. चहाच्या पेल्याला गुणावे आणि तहान मारावी, शेवटी चिरंजीवांनी बजावले, "पप्पा, मी कमावतो पौंडात, तुम्ही गुणता रुपयांत. अशाने मी उपाशी मरेन."

आपल्या दुकानांत 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी देवाच्या तसबिरीशेजारी असते. तेथे सुनेने घातलेला कोट तीन आठवड्यांनी, पावतीसह, 'आवडला नाही' एवढ्याच कारणाने परत केला आणि पैसे मोजून मिळाले. आमची छाती दुकानदाराच्या वतीने धडधडत होती. आणखी एक नवल म्हणजे धर्मादाय दुकाने. लोक घरातील चांगले कपडे, पुस्तके, कपबशा तेथे आणून देतात, निवृत्त आजीबाई विनावेतन गल्ल्यावर बसतात आणि येणारा पैसा रुग्णांकडे किंवा अनाथांकडे जातो. अपरिग्रहावर आम्ही शेकडो प्रवचने ऐकली आहेत. आमच्या घरच्या माळ्यावरील तीन पिढ्यांच्या पितळी डब्यांनीही ती ऐकली आहेत, आणि ते तेथेच आहेत.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटर पाहिल्यावर मात्र विनोद थोडा बाजूला राहिला. जुन्या चर्चची ती इमारत. दर्शनी भागावर शुभ्र संगमरवर, आत कोरीव खांब. प्रतिष्ठा १९८८ ची. एकाच छताखाली श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर, स्थानकवासींचे गुरुस्थानक आणि श्रीमद् राजचंद्रांचे ज्ञानमंदिर. आम्ही स्थानकवासी. आपल्याकडे एका गल्लीत राहून, एका पंगतीत बसून, ह्या चार दारांतील तीन दारे मनुष्य जन्मभर ओलांडत नाही. तेथे एकच सोपान चढून सगळे येतात. परमुलखात जागा महाग म्हणून असे झाले, असे एका जाणत्याने आम्हांस सांगितले. तसे असेल तर आपल्याकडेही जागेचे भाव आणखी वाढोत.

पर्युषणात तेथे मुले प्राकृत सूत्रे रोमन लिपीतून वाचत होती. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सौ.च्या आग्रहाने आम्ही शेजारच्या इंग्रज गृहस्थाकडे गेलो, हात जोडले आणि वर्षभरात काही दुखावले असल्यास क्षमा करावी, असे चिरंजीवांकरवी सांगितले. हा मनुष्य दिवसातून पन्नास वेळा 'सॉरी' म्हणणारा, रस्त्यात आम्ही त्याला धडकलो तरी तोच म्हणणारा. पण इतक्या गांभीर्याने मागितलेली क्षमा ऐकून तो घाबरला. "काय केलेत तुम्ही?" असे विचारून आधी बाहेर जाऊन आपली मोटार चहूबाजूंनी पाहून आला. खुलासा झाल्यावर त्याने आमच्याकडे, कुंपणावरून पानांचा कचरा टाकल्याबद्दल, रीतसर क्षमा मागितली. तो कचरा त्याचा होता हे आम्हांस तेव्हाच कळले.

मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. त्या पहाटे त्या देशात दोनचा एक वाजवितात. शनिवारी पावणेसहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचलाच गेला. सरकारी हुकुमाने चौविहार एका रात्रीत तासभर अलीकडे आला. पुढे नोव्हेंबर संपेतो तो चारच्याही आत. सकाळी आठच्या सुमारास उजाडायचे, नवकारसी नऊच्या सुमारास, आणि चारच्या आत ताट उचलायचे. दोन जेवणांत इतके थोडे अंतर उरले की चौविहार जवळजवळ एकासण्याला येऊन टेकला.

सून साडेपाचला घरी येई, चिरंजीव सहाला. सौ. साडेतीनला स्वयंपाकघरात जेवायला बसे. नातू शाळेतून त्याच सुमारास येई. प्रथम तो नुसता बघत राहिला, मग ताट घेऊन शेजारी बसला. आठवडाभर तो साडेतीनला दादीजीबरोबर आणि सहाला आईबरोबर असा दोन्हीकडची आडत घेत होता. नंतर एके दिवशी सहाच्या ताटावर बसून म्हणाला, "मी फक्त बोलायला बसलोय."

सुनेचा चेहरा उतरला. ती वाईट बोलणारी मुलगी नव्हे. रात्री मूल झोपल्यावर तिने विचारले, "मम्मीजी, वाढते वय आहे त्याचे. रात्रभर तेवढ्यावर राहील? आणि तुम्ही आठ दिवसांनी जाल. मग साडेतीनला ह्याच्याजवळ कोण बसणार?" सौ.जवळ उत्तर नव्हते. आम्ही वर्तमानपत्र पुढे धरले.

सकाळी सौ.नेच तोड काढली. नातवाला जवळ घेऊन तिने सांगितले, की शाळेच्या दिवशी तू आईबापांबरोबर जेवायचे, हा माझा हुकूम आहे. आणि सुनेला म्हणाली, "शनिवार-रविवार तरी तिघे मिळून उजेडात जेवाल?" सून म्हणाली, "तेवढे मी सांभाळते." नातवाने संगणकावरून फेब्रुवारीपर्यंतच्या शनिवार-रविवारच्या सूर्यास्तांची वेळ काढली, स्वतःच्या हाताने कागदावर उतरविली आणि फ्रिजवर लावली. ढग असल्यास सूर्य मावळला हे कसे समजावे, असा प्रश्नही त्याने विचारला. लेस्टरच्या दृष्टीने तो रास्त होता.

आता रविवारी तिकडे साडेतीन वाजता, म्हणजे अहमदपुरात रात्री नऊला, फोन येतो. सौ.ची झोपायची वेळ तीच. ती चष्मा लावून ताठ बसते. पडद्यावर तीन ताटे दिसतात.

"दादीजी, तुमचा सूर्य मावळला?"

"तीन तास झाले रे," सौ. म्हणते. "तू बोलू नकोस, जेव. तुझा अजून वीस मिनिटे आहे."