पाठ टेकली की टक्क जागं

तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या की ते शांत होतं, हे घरोघरच्या आज्यांना ठाऊक आहे. तेच बाळ मांडीवर घेऊन नुसतं बसलं, तर रडं थांबेलच असं नाही.

उंदराची किंवा सिंहाची पिल्लं आईने तोंडात धरून उचलली की अंग आखडून निमूट होतात. जागा बदलताना पिल्लू वळवळलं तर दोघांच्याही जिवावर बेतू शकतं, म्हणून ही खोड उत्क्रांतीत टिकली असावी. जपानच्या रिकेन संस्थेतील कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की माणसाच्या बाळातही तसंच घडतं. आई चालू लागताच रडणं घटतं, हृदयाचे ठोके मंदावतात.

खरी कसोटी खाली ठेवताना लागते. याच गटाने २०२२ मध्ये २१ बाळांचे ठोके नोंदवले. आपण पाठ टेकण्याच्या क्षणाला जपतो. पण ठोके बदलतात ते त्याआधी, आईच्या अंगापासून बाळ सुटू लागताच! झोप थोडी मुरलेली असेल, तर मात्र जाग येण्याची शक्यता कमी होते.

म्हणून त्यांचा सल्ला असा: रडणाऱ्या बाळाला घेऊन न थांबता ५ मिनिटं चाला. झोपल्यावर लगेच ठेवू नका. ५ ते ८ मिनिटं कुशीत घेऊन बसा, मग अलगद उताणं ठेवा. भूक, ओलं दुपटं, ताप हे अर्थातच आधी पाहायचं. प्रयोगात आया होत्या, पण रात्रीच्या या फेऱ्या बाबांनीही वाटून घ्याव्यात, असं मला मनापासून वाटतं.