बीजाचा पेला आणि बीजाचे झाड

रात्री लाकडी पेल्यात पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचे. मधुमेहावरचा हा उपाय अनेक घरांत ऐकायला मिळतो. काही तासांत पाणी तांबूस-तपकिरी होते, त्यावर निळसर झाकही दिसते. हा पेला बीजा, म्हणजेच बिवळा या झाडाच्या लाकडाचा. आयुर्वेदात त्याला असन किंवा विजयसार म्हणतात.

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेला संग्रामपूर तालुक्यात सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेल्या सातपुड्याच्या या पट्ट्यात सागाच्या मिश्र जंगलात बीजा वाढतो. तूर-हरभऱ्याच्याच शेंगवर्गीय कुळातले हे झाड. सालीवर घाव घातला की रक्तासारखा लाल चीक पाझरतो.

या झाडाच्या औषधी गुणांची शास्त्रीय तपासणीही झाली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नव्याने मधुमेह आढळलेल्या ९७ रुग्णांना विजयसारचा अर्क देण्यात आला. १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय दिला तो मोजलेल्या मात्रेतला अर्क. पेल्यातल्या पाण्यात किती घटक उतरतो, हे लाकडागणिक बदलते. त्यामुळे पेल्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणे धोक्याचे आहे.

दुसरा प्रश्न झाडाचा. हिरडा-बेहड्याची फळे वेचली तरी झाड उभे राहते. बीजाच्या पेल्याला मात्र खोडाच्या गाभ्यातले लाकूड लागते आणि ते मिळते जुने झाड तोडल्यावरच. टिकाऊ लाकडामुळे घरे, बैलगाड्या आणि अवजारांसाठीही बीजावर पूर्वीपासून कुऱ्हाड पडत आली आहे. त्याची पंखवाली चपटी शेंग कठीण असते, बी कमी रुजते. उगवलेली रोपे गुरे खातात, काही वणव्यात जळतात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत बीजा ‘संकटसमीप’ आहे. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतही त्याचे नाव आहे. म्हणजे स्वतःच्या शेतातला बीजा तोडायलाही परवानगी लागते.

बांधावर बीजा लावता येतो, पण आज लावलेल्या रोपाचा गाभा भरायला अनेक दशके जातात. पेला घेण्याआधी डॉक्टरांना तर विचारावेच, पण त्याचे लाकूड आले कुठून, हे दुकानदारालाही विचारावे.