साहेबाचा हात कोण रोखणार?

पोलीस भरती निघाली की आपल्या मोहल्ल्यांतील मुले-मुली फज्रनंतर मैदानावर दिसू लागतात. मुलांना १६०० मीटर धावायचे, मुलींना ८००. शिवाय गोळाफेक आणि लेखी परीक्षेचा अभ्यास. अम्मी रात्रीच चणे भिजत घालते, अब्बू फॉर्मची फी भरतात. एखाद्या घरात खाकी आली की साऱ्या गल्लीत पेढे वाटले जातात. हे सगळे पाहून आम्हाला आनंदच होतो. पण या तयारीत एक प्रश्न कुठेच विचारला जात नाही. ठाण्यात साहेब एखाद्याला बेदम मारत असतील, तर शेजारी उभा असलेला आपला मुलगा काय करील?

लाच घेऊ नकोस, हे प्रत्येक घर सांगते. तिथे आपलाच हात आवरायचा असतो. दुसऱ्याचा हात रोखणे, आणि तोही वरिष्ठाचा, हे काम वेगळे आहे.

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर डेरेक शॉविन हा पोलीस नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा रोवून बसला. ती चित्रफीत जगाने पाहिली. तिथे आणखी तीन पोलीस होते. त्यांतले दोघे नवखे, कामाला लागून जेमतेम काही दिवस झालेले. त्यांतल्या एकाला प्रत्यक्ष कामाचे धडे शॉविननेच दिले होते. दुसऱ्या नवख्याने, याला कुशीवर वळवायचे का, असे विचारलेही. शॉविनने नकार दिला आणि विषय तिथेच संपला. पुढे न्यायालयाने त्या दोघांनाही तुरुंगात पाठवले.

सहकारी जादा बळ वापरत असेल तर त्याला थांबवावे, हा नियम त्या शहराच्या पोलीस दलात २०१६ पासून होता. कागद होता, तोंडाला सवय नव्हती. साहेब ‘नाही’ म्हणाल्यावर पुढचे वाक्य काय, हे त्या पोराला कुणी घोटून दिले नव्हते.

त्याच अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी हेच घोटून घ्यायला २०१६ मध्ये सुरुवात केली. त्या दलाचे नाव चांगले नव्हते. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर तिथल्या डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, दोघांचा जीव घेतला आणि मग खोटे कागद रंगवले. नव्या प्रशिक्षणामागे एर्विन स्टॉब या मानसशास्त्रज्ञाचा विचार आहे. ते हंगेरीतील ज्यू. नाझींच्या काळात लहानपणी ते वाचले, ते धोका पत्करून मदत करणाऱ्या माणसांमुळे. बघे गप्प का राहतात आणि एखादाच पुढे का येतो, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला.

या वर्गात नीतीचे व्याख्यान देऊन मुलांना घरी पाठवत नाहीत. जोड्या लावून प्रसंग करून पाहतात. जोडीदाराचा आवाज चढला की खांद्यावर हात ठेवून ‘तू जरा बाहेर जा, मी बघतो’ म्हणायचे. ऐकले नाही तर मोठ्याने बोलायचे, तरीही नाही तर मधे पडायचे. पहिली शिवी आली तेव्हाच थांबवणे सोपे असते; काठी उठल्यावर अवघड. ज्याला थांबवले त्यानेही राग न धरता थांबायचे, याचाही सराव होतो, आणि अधिकाऱ्यांनाही त्यात बसावे लागते. ही गोष्ट आम्हाला सर्वांत पटली. शिपायाला बोलायला शिकवून साहेबाला ऐकायला न शिकवणे, म्हणजे त्या शिपायाचा बळीच देणे.

तिथे सांगतात की मित्राला थांबवाल तर त्याची नोकरी वाचेल. मार खाणाऱ्याचा जीव हे कारण पुरेसे वाटू नये, याचे वाईट वाटते. पण त्यामुळे हात थांबत असेल तर तेही चालेल.

आपल्याकडे अटक कशी करावी, नातेवाइकांना कसे कळवावे, याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालातच घालून दिले. तरीही जून २०२० मध्ये तमिळनाडूच्या सातानकुलम ठाण्यात मोबाइल दुकान चालवणाऱ्या बापलेकाला रात्रभर मारले गेले आणि दोघेही दगावले. त्या ठाण्यातील एका महिला हेड कॉन्स्टेबलने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर घाबरत घाबरत खरी गवाही दिली. तिच्या संरक्षणासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, यावरून तिची हिंमत किती मोठी होती ते कळते. पण ही गवाही दोन जनाजे निघाल्यावरची... तिथे उपस्थित असलेल्या इतर गणवेशांना त्या रात्री एक वाक्य सुचले असते तर?

प्रशिक्षण केंद्रात पाऊल ठेवल्यापासून पोराला हुकूम पाळायला शिकवतात, आणि ते गरजेचेही आहे. बेकायदा हुकूम आला तर काय, हा धडा निव्वळ कायद्याच्या पुस्तकात राहून भागत नाही.

आपल्या वस्त्यांत भरतीपूर्व वर्ग चालतात. धावणे, गणित, सामान्य ज्ञान सगळे शिकवले जाते. आठवड्यातून एक तास याच सरावाला द्यावा, असे आम्ही सुचवतो. दोन मुले उभी करा. एक साहेब, एक शिपाई. ‘सर, आता बस झाले, मी त्याला आत नेतो’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडून निघू द्या. पहिल्या दिवशी सगळे हसतील. साहेबाच्या भूमिकेसाठी मोहल्ल्यात एखादे निवृत्त फौजदार चाचा असतातच. त्यांना बोलवा आणि अजिबात सवलत देऊ नका, असे आधीच सांगून ठेवा.