कर्रकर्र वाजणारा स्क्रू ड्रायव्हर घेताना

मे महिना सरत आला की वेल्ह्याच्या डोंगरात आणि भोरच्या हिर्डस मावळात घरोघर एकच घाई उडते. कौले फिरवायची, पत्र्याचे स्क्रू आवळायचे, सरपण आत घ्यायचे आणि विजेचे जे काही काम रेंगाळले असेल ते उरकून टाकायचे. एकदा का तोरण्यावर ढग बसले की मग आडवळणाच्या वाडीवर कारागीर यायला तयार होत नाही. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून आम्हीही तेच वापरतो.)

अशा वाड्यांवर जाऊन पंखे, बोर्ड, मोटारीचे स्टार्टर यांची कामे करणारी आमची एक पुतणी आहे. आय.टी.आय.मधून वीजतंत्रीचा कोर्स केला आणि नोकरीची वाट बघत न बसता पिशवी खांद्याला लावून बाहेर पडली. सुरुवातीला लोक विचारीत, "बाई, तुझ्याबरोबर माणूस कोण आलाय?" आता तेच लोक फोन करून तिला बोलावतात. हे नाव तिने एकेका कामाने कमावले आहे.

गेल्या उन्हाळ्यात ती आमच्या भोरच्या घरी आली ती उजवे मनगट दाबीतच. म्हणाली, "काका, दिवसाला चार पंखे बसवले की रात्री भाकरी मोडवत नाही." आम्ही हिशेब केला. पंख्याला तीन पाती आणि प्रत्येक पात्याला बहुधा तीन स्क्रू, म्हणजे नऊ स्क्रू. एका स्क्रूला दहा फेरे धरले तर नव्वद फेरे. साध्या स्क्रू ड्रायव्हरने एका फेऱ्यासाठी मनगट दोन-तीनदा वळवून पकड बदलावी लागते. म्हणजे एका पंख्याला सुमारे अडीचशे वेळा, तेही स्टुलावर उभे राहून, हात डोक्याच्या वर धरून!

यावर उपाय म्हणून तिने बाजारातल्या एका पथारीवरून रॅचेटचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्वस्त होता, डबीत वीस टोके होती आणि आवाजही छान येत होता. तिसऱ्याच दिवशी एका वाडीवर पंखा चढवताना आतले दाते निसटले, टोक स्क्रूच्या डोक्यावर गरकन फिरले आणि स्क्रूची फुली पार घासून गेली. आता स्क्रू आतही जाईना आणि बाहेरही येईना. शेवटची एस.टी. निघून गेली होती. पंखा अर्धवट लटकत ठेवून ती चालत खाली उतरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून गेली. मजुरी बुडाली ती बुडालीच, वर घरातल्या म्हातारीने सुनावले, "म्हणूनच म्हणत होते, गड्याला बोलवा."

हत्यार वाईट निघाले आणि ठपका मात्र हातावर आला. हा लेख आम्ही त्यासाठीच लिहीत आहोत. आपल्या घरातली अनेक मुले-मुली आज याच कामांत आहेत. कोणी शिरवळच्या कारखान्यांत जुळणीवर आहे, कोणी पुण्यात फर्निचर बसवतो, कोणी गावातच दुरुस्ती करतो. त्यांनी हत्यार घेताना फसू नये.

रॅचेट म्हणजे काय?

सायकलचे पायडल उलटे मारले की मागच्या चाकात कर्रकर्र आवाज होतो आणि चाक मागे फिरत नाही, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. रॅचेट म्हणजे तीच युक्ती. मुठीच्या आत दातेरी चक्र असते आणि स्प्रिंगने दाबलेली एक छोटी खिटी त्या दात्यांत बसते. मूठ एका दिशेने फिरवली की खिटी दाते धरते आणि स्क्रू फिरतो. उलट फिरवली की खिटी दात्यांवरून घसरत जाते आणि स्क्रू जागच्या जागी राहतो. त्यामुळे पकड न सोडता नुसते मनगट इकडे-तिकडे हलवले की काम होते. मानेजवळच्या कड्याला तीन जागा असतात: आवळणे, सोडवणे आणि मधली पक्की जागा, म्हणजे लॉक. लॉकवर तो साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखाच वागतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्स कंपनीचा 'यांकी' नावाचा स्क्रू ड्रायव्हर शंभर वर्षांपूर्वीच सुतारांच्या हाती होता. त्यात मूठ पुढे दाबली की मळसूत्री दांडा आपोआप फिरे. पुढे १९४६ मध्ये स्टॅन्ले कंपनीने तो कारखाना घेतला. हेन्री फिलिप्स यांच्या फुलीच्या स्क्रूचे पेटंट १९३६ चे. आपण ज्याला 'स्टार' म्हणतो तो हाच. या फुलीच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला की टोक वर ढकलले जाते. टोक नेमक्या मापाचे नसेल किंवा हाताचा दाब कमी पडला तर फुली घासते. पुतणीच्या बाबतीत हेच घडले.

यातून निघणारी गोष्ट एकच: रॅचेट वाचवते ते मनगट, स्क्रू वाचवते ते टोक आणि ते घट्ट धरणारी खिटी. दुकानात आपण आवाज ऐकून खूश होतो आणि टोकाकडे बघतच नाही.

दुकानात कसे पारखावे?

आम्ही पुतणीला घेऊन भोरच्या बाजारपेठेत एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पुण्यात जाणे होणार असेल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जास्त प्रकार बघायला मिळतात, पण पारख कुठेही तीच. दुकानदारांना आधीच सांगितले, "भाऊ, घेणार आहोत, पण हाताळून घेणार." भल्या दुकानदाराला त्याचा राग येत नाही.

पहिली परीक्षा दोन बोटांची. टोक डाव्या हाताच्या दोन बोटांत अगदी हलके धरावे आणि मूठ उलट फिरवावी. बोटांतले टोक न हलता खिटी वाजत गेली तर हत्यार चांगले. टोकही मागे फिरू लागले तर खिटी जड आहे. सैल स्क्रूवर असे हत्यार जेवढे पुढे जाईल तेवढेच मागे येईल आणि तुम्ही नुसते कर्रकर्र करीत बसाल.

दुसरी परीक्षा दात्यांची. चक्राला २४ दाते असतील तर दर १५ अंशांना एक टप्पा पडतो, ३६ असतील तर १० अंशांना, ७२ असतील तर ५ अंशांना. बोर्डाच्या कोपऱ्यात किंवा पंख्याच्या वाटीत हात फिरायला जागाच नसते, तिथे बारीक दाते उपयोगी पडतात. पण केवळ दाते जास्त म्हणून हत्यार भारी ठरत नाही. बारीक दाते हलक्या धातूचे असले तर लवकर झिजतात. म्हणून पुढची परीक्षा चुकवू नये.

तिसरी परीक्षा लॉकची. कडे मधल्या जागेवर आणावे, टोक दुकानातल्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडावे आणि दोन्ही दिशांनी जोर लावून पाहावे. आत जरासुद्धा निसटल्यासारखे वाटले तर ते हत्यार परत ठेवावे. कडेही असे हवे की ते अंगठ्याने सहज सरकेल, पण काम करताना आपोआप सरकणार नाही.

चौथी गोष्ट टोकांची. टोके सहा पैलूंची, पाव इंची दांड्याची असावीत. हे माप सगळीकडे चालते, त्यामुळे एखादे टोक झिजले की तेवढेच बदलता येते. कंपनीचे स्वतःचेच वेगळे माप असेल तर टोक हरवले की सगळे हत्यार फुकट. डबीत वीस टोके आहेत याला भुलू नये. आपल्याकडच्या घरकामाला फुलीचे एक आणि दोन नंबर आणि सपाट टोकांत एक बारीक, एक रुंद एवढी पुरतात. त्यांत दोन नंबरची फुली सर्वांत जास्त वापरली जाते, म्हणून ती एक जादा घ्यावी. टोकावर 'एस-२' किंवा क्रोम व्हॅनेडियमचा शिक्का असतो. शिक्का पाहावाच, पण खरी खात्री स्क्रूवर होते. खिशात एक नवा स्क्रू न्यावा आणि टोक त्यात बसवून बघावे. हलता कामा नये.

पाचवी गोष्ट मुठीची. ती आपल्या तळहातात भरली पाहिजे. दुकानदाराने पुतणीसमोर सर्वांत जाड मुठीचा ठेवला आणि म्हणाला, "ताई, हा सगळ्यात मजबूत." तिने तो हातात घेतला आणि परत दिला. "मजबूत असेल हो भाऊ, पण माझी बोटं पुरत नाहीत. घामानं सुटला तर?" तिचे बरोबर होते. हत्यार ज्याच्या हातात राहणार, माप त्याच्याच हाताचे.

कुठे वापरू नये?

गंजलेला स्क्रू पहिल्यांदा सोडवताना रॅचेटवर जोर टाकू नये. थोडे तेल सोडून वाट बघावी, साध्या एकसंध दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरने तो हलवावा आणि मोकळा झाला की मग रॅचेट लावावे. म्हणून साधा स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून काढून टाकू नये. नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या टापरिया कंपनीने १९६९ साली स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारे बनवायला सुरुवात केली, आणि त्यांचा साधा स्क्रू ड्रायव्हर आजही अनेक कारागिरांच्या पिशवीत असतो.

रॅचेटवर हातोडी मारू नये, त्याची छिन्नी किंवा पहार करू नये. मोटारसायकल जपानी घडणीची असेल तर तिच्या काही स्क्रूंच्या डोक्यावर बारीक टिंब असते. ती फुली दिसायला सारखी असली तरी घडण निराळी असते. तिला जे.आय.एस. मापाचे टोक लागते, नाहीतर ती लवकर घासते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मूठ प्लॅस्टिकची दिसली म्हणून ती विजेपासून वाचवील असे समजू नये. विजेच्या कामाच्या हत्यारावर १००० व्होल्टचा शिक्का आणि दोन त्रिकोणांची खूण असते. बहुतेक रॅचेटवर ती नसते आणि त्यांचा दांडा उघडा लोखंडी असतो. मेन स्विच बंद करावा. टेस्टर आधी चालू जागी लावून तो पेटतो का ते बघावे, मगच कामाच्या जागी तपासावे. ओल्या भिंती आणि ओले हात असलेल्या आपल्या पावसाळी मुलखात याला पर्याय नाही. घरी वाट बघणारी माणसे असतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पावसाळ्यातील निगा

वेल्ह्याच्या पावसात पेटीतल्या हत्यारालाही गंज चढतो. काम झाले की कोरड्या फडक्याने पुसावे. महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब खिटीजवळ सोडावा. जाड ग्रीस भरू नये. ते धूळ धरते, खिटी चिकटते आणि दाते निसटू लागतात. टोकात लोहचुंबक असेल तर त्याला लागलेला लोखंडाचा कीस पुसून काढावा.

त्या दिवशी पुतणीने मध्यम मुठीचा, थोड्याच टोकांचा एक रॅचेट निवडला. पथारीवरच्यापेक्षा तो चौपट महाग होता. पैसे मोजताना तिचा हात क्षणभर थांबला. आम्ही खिशात हात घातला तशी ती म्हणाली, "नको काका, माझ्या कामाचा आहे, मीच घेते."

पुढच्या आठवड्यात तिने त्या वाडीवरच्या म्हातारीच्या घरी जाऊन घासलेला स्क्रू काढून दिला, नवा बसवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पाऊस लागायच्या आत म्हातारीचा निरोप आला: दुसऱ्या खोलीतही पंखा बसवायचा आहे, "त्याच पोरीला पाठवा." मनगटाचे विचारले तर पुतणी सांगते, दुखते अजून, पण आता रात्री भाकरी मोडता येते.