समुद्राची झालर

बारामती एमआयडीसीतल्या टेक्सटाइल पार्कमध्ये शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताईंना झालरीचं गुपित ठाऊक असतं. कड लांब, जागा कमी. मग कापड मुरडणारच. समुद्रातली कित्येक प्रवाळंही अशीच मुरडत वाढतात. थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग मिळतो. ऊन आणि अन्न दोन्ही जास्त पदरात पडतं.

या मुरडीची भूमिती म्हणजे हायपरबोलिक भूमिती; ती कागदावर नीट उमटत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये ती चक्क क्रोशाने विणली. तोच धागा २००५ मध्ये मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी उचलला. एक विज्ञानलेखिका, दुसरी कलाशिक्षिका. माहेर क्वीन्सलँडचं, जिथल्या किनाऱ्याला ग्रेट बॅरिअर रीफ आहे. तापत्या समुद्रात ती विरताना पाहून दोघींनी लोकरीचं प्रवाळ विणायला घेतलं. पुढे देशोदेशीचे हजारो हात त्याला लागले. २०१९ मध्ये ते व्हेनिस बिनाले या कलाप्रदर्शनात मांडलं गेलं.

त्यात एक भाग पांढराफटक आहे. खऱ्या प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. रंग त्याचा आणि बरंचसं अन्नही त्याच्याच हातचं. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतं. मग उरतो पांढरा सांगाडा आणि उपासमार. पाणी वेळेत निवलं तर जीव वाचतो, नाहीतर नाही.

समुद्राचं बारामतीला काय? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की १९५० ते २०२० दरम्यान हिंदी महासागर शतकाला १.२ अंश या वेगाने तापला. हवा एका अंशाने तापली, की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये बारामतीच्या कऱ्हा नदीला पूर आला, तेव्हा हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा उबदार होती. एका पुराचं खापर एकट्या समुद्रावर फोडता येत नाही. पण बारामतीवर आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या जिरायती शिवारावर पडणारं पाणीही समुद्राकडूनच येतं.

करून पाहा : क्रोशाची सुई घ्या. साखळीचं कडं करून त्यावर खांब घाला. पुढच्या प्रत्येक फेरीत दर दुसऱ्या खांबात एक खांब वाढवा. काही फेऱ्यांतच वीण सपाट बसायचं नाकारेल. शेवटची फेरी पांढऱ्या लोकरीची घाला. कोणी विचारलंच, रंग कुठे गेला, तर सांगायला गोष्ट तयार आहे.