ट्रॉलरच्या टाकीत तळाला साचणारे पाणी

३१ जुलैच्या मध्यरात्री मासेमारी बंदीचे ६१ दिवस संपतात. त्याआधीच्या आठवड्यात मालीम, शापोरा, खारीवाडा आणि कुटबण येथील जेटींवर लगबग सुरू झालेली असते. फाटकी जाळी सांधली जातात, लाकडावर रंगाचा हात फिरतो, इंजिनाचे ऑइल बदलले जाते, गावी गेलेले खलाशी परततात. या साऱ्या तयारीत एका गोष्टीकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. ती म्हणजे मे महिन्यापासून टाकीत पडून राहिलेले डिझेल.

जेटीवर इंजिन सुरू केले की ते सुरळीत चालते आणि मालक निश्चिंत होतो. घोटाळा पुढे होतो. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी वाळूचा पट्टा आहे. शापोऱ्याच्या मुखाचीही तीच अवस्था. ऑगस्टच्या आरंभी समुद्र पुरता निवळलेला नसतो. मुखाशी येताच होडी डोलू लागते, टाकीतील डिझेल घुसळते आणि दोन महिने तळाशी शांत बसलेला गाळ वर येतो. तो फिल्टरवर थापला जातो, इंजिनाला डिझेल अपुरे पडते आणि जिथे होडी पूर्ण ताब्यात असायला हवी, नेमके तिथेच इंजिन बंद पडते. दोन्ही बाजूंना वाळू, मागून येणारी लाट आणि होडीवरील सारे खलाशी, अशा वेळी नांगर टाकण्यापलीकडे तांडेलाच्या हाती फारसे काही उरत नाही.

हा गाळ येतो कोठून? मुळाशी असते पाणी. डिझेल पाण्याहून हलके असल्याने टाकीत शिरलेला पाण्याचा प्रत्येक थेंब तळाला जाऊन बसतो. टाकी अर्धी रिकामी राहिली की हवेतील बाष्पाचे पाणी होते, असे कारण जेटीवर हमखास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण त्याला प्रमाणापेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या पूर्ण दमट हवेतही दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅमच बाष्प मावते. शिवाय टाकीतील हवा रोज थोडीच आत-बाहेर होते. दोन महिन्यांत या वाटेने फार तर पेलाभर पाणी जमेल. खरा शत्रू आहे डेकवरील भरणीचे झाकण. त्याचे रबर कडक झाले, त्याला चीर गेली वा झाकण नीट आवळले गेले नाही, तर गोव्यातील पावसाळ्यात लिटरच्या हिशेबाने पाणी आत उतरते. हवेच्या नळीचे तोंड खाली वळवलेले नसेल, तर भर समुद्रात लाटेचे खारे पाणीही त्याच मार्गाने शिरते. इंधनयंत्रणेला खारे पाणी पावसाच्या पाण्याहून अधिक घातक, कारण त्याने गंज झपाट्याने चढतो.

पेलाभर पाण्यानेही भागते ते सूक्ष्मजीवांचे. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात, त्या पातळ थरात जीवाणू व बुरशी वाढतात. अन्न वरून मिळते, पाणी खालून. टाकी उबदार आणि स्थिर असेल तर त्यांना आणखी काय हवे? त्यांच्यापैकी एका बुरशीला तर केरोसीनची बुरशी असेच नाव पडले आहे. विमानांच्या इंधनटाक्यांतही तिने उपद्रव केलेला आहे. या वाढीतून काळपट-तपकिरी, बुळबुळीत लगदा तयार होतो. त्यातून निघणारी आम्ले धातू खातात. काही जीवाणू हवेविना जगतात आणि गंधकाच्या संयुगांपासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात. डिझेलला कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला, तर प्रकरण बरेच पुढे गेले आहे असे समजावे.

अशा डिझेलाची लक्षणे ओळखण्यासारखी असतात. भार पडताच इंजिनाची ताकद उतरते, फेरे आपोआप कमी-जास्त होतात, पांढरा धूर दिसतो आणि एरवी महिनोन्‌महिने टिकणारा फिल्टर काही तासांत बुजतो. पाणी थेट नोझलपर्यंत पोहोचले तर नुकसान मोठे होते. पंप आणि नोझलमधील सुट्या भागांतील फट अवघी काही मायक्रॉनची असते, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. या भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. तिथे पाणी आले की घर्षण वाढते, आणि उष्णतेने त्याची एकदम वाफ झाल्यास नोझलचे टोकही तुटू शकते.

टाकीची तपासणी मात्र कमालीची सोपी आहे. होडी एक दिवस स्थिर ठेवावी आणि टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूवरील कॉकमधून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढावे. बाटली तासभर न हलवता ठेवली की खाली पाणी, वर डिझेल आणि मध्ये काळी साय असल्यास तीही स्पष्ट दिसते. कॉक नसेल तर पेट्रोल पंपांवर वापरतात ती, पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट मोजपट्टीच्या टोकाला लावून ती तळापर्यंत सोडावी.

पाणी सापडल्यावर पहिले काम ते काढून टाकण्याचे. हातपंपाची नळी तळाला टेकवून, स्वच्छ डिझेल येईपर्यंत उपसत राहावे. जंतुनाशक औषध त्यानंतर, आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. पाणी तसेच ठेवून औषध ओतणे म्हणजे पैसे वाया घालवणे. औषधाने मेलेला लगदाही फिल्टरकडेच धावतो, म्हणून त्यानंतरच्या काही दिवसांत फिल्टर वारंवार बदलावे लागतात. गाळ भिंतींना चिकटला असेल तर टाकी रिकामी करून धुण्याखेरीज इलाज नाही. माणसाने मात्र टाकीत उतरू नये. आत प्राणवायू कमी आणि विषारी वायू असू शकतो. एक जण कोसळतो आणि त्याला वाचवायला दुसरा उतरतो, असे अपघात जहाजांवर पुन्हा पुन्हा घडले आहेत.

फिल्टरच्या बाबतीत काटकसर महागात पडते. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा, तळाशी पारदर्शक वाटी असलेला फिल्टर असावा. शक्य असल्यास दोन, आणि मध्ये चावी. एक बुजला की चावी फिरवून दुसरा चालू करता येतो, इंजिन थांबवावे लागत नाही. ही सोय नसताना समुद्रात फिल्टर बुजला, तर आतली जाळीच काढून इंजिन चालवण्याचा मोह होतो. होडी कदाचित किनाऱ्याला लागते, पण पंपाचे आयुष्य तिथेच संपू शकते. फिल्टर बदलल्यावर नळीत अडकलेली हवा हातपंपाने काढावी लागते. हे काम एकट्या तांडेलालाच येत असेल तर सुकाणू कोण धरणार, हा प्रश्न उरतोच. निदान एका खलाशाला ते जेटीवर असतानाच शिकवून ठेवलेले बरे.

उपसलेले घाण पाणी नदीत ओतण्याची सवय अजून गेलेली नाही. डिझेलचा तवंग भरतीबरोबर खाडीत आत शिरतो, आणि तिसऱ्या-खुब्यांच्या जागा तिथेच असतात. ते पाणी झाकणाच्या पिंपात साठवून जळके ऑइल नेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे.

बंदीच्या आधी, मेच्या अखेरीस, टाकी भरून झाकणाचे रबर नवे घातले तर यातील बहुतेक खटाटोप टळतो. ज्यांचे ते राहून गेले, त्यांनी पहिल्या फेरीपूर्वी होडी नदीतच तासभर पूर्ण वेगाने, वळणे घेत चालवून पाहावी. गाळ असेल तर तो घुसळून फिल्टरच्या वाटीत दिसेल, आणि तेव्हा जेटी हाकेच्या अंतरावर असेल.